प्लांटेड टाकीची मांडणी आणि लावणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लांटेड टाकी म्हणजे जिवंत पाणझाडे लावलेली माशांची टाकी. खालची सगळी मापे २४ × १२ × १५ इंची टाकी धरून दिली आहेत. आपल्याकडच्या घरांत सर्वाधिक दिसणारी ही ‘दोन फुटी’ टाकी. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ७० लिटर मावते. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५० ते ५५ लिटर उरते. खताचा किंवा औषधाचा डोस मोजताना हाच दुसरा आकडा धरायचा.

टाकीत झाडे भरपूर आहेत, वाढतातही. तरी ती बागेसारखी न दिसता रोपवाटिकेसारखी का दिसते?

बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली, तळ पुढून मागेपर्यंत सपाट. दुसरी, दहा-बारा जातींच्या दोन-दोन काड्या सगळीकडे विखुरलेल्या. तिसरी, नजर कुठे थांबावी हे ठरलेलेच नाही. मधोमध एक लाकूड आणि दोन्ही बाजूंना सारखी झाडे, लग्नाच्या स्टेजसारखी.

यावर नवीन झाडे विकत आणणे हा उपाय नाही, उलट त्याने गर्दी वाढते. आधी उतार, मग दगड-लाकूड, मग मोकळी जागा आणि सगळ्यात शेवटी झाडे असा क्रम लावायचा. दगड-लाकडाची मांडणी (तिला सगळे हार्डस्केपच म्हणतात) झाडांशिवाय बघायला बरी वाटत नसेल, तर झाडे ती झाकतील, सुधारणार नाहीत.

चालू टाकी सुधारायची आहे. सगळी रिकामी करावी लागेल का?

तळाला रंगीत खडी आणि अंडरग्रॅव्हल प्लेट (खडीखाली बसणारी, एअर पंपावर चालणारी फिल्टरची जाळी) असेल तर हो. त्या प्लेटवर माती घालता येत नाही. माती जाळीतून खाली उतरते आणि एअर पंप चालू झाला की सगळी टाकी चहासारखी होते. अशा वेळी प्लेट काढून हँग-ऑन (काठावर टांगायचा) किंवा कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या डब्याचा) फिल्टर लावायचा. ५५ लिटरला ताशी ३०० ते ४५० लिटर प्रवाह पुरतो.

आधीच माती असेल आणि फक्त मांडणी पटत नसेल, तर अर्धी-अर्धी टाकी करावी. पण जुनी माती उकरली की तिच्यात साचलेला अमोनिया आणि सडका गाळ वर येतो, म्हणून त्या दिवशी मासे टाकीत ठेवायचे नाहीत. कामाचा क्रम असा ठेवावा:

आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका. सकाळी टाकीचेच २० लिटर पाणी स्वच्छ बादलीत काढा, त्यात मासे सोडा, एअर स्टोन लावा आणि वर झाकण ठेवा. फिल्टरमधला स्पंज आणि मीडिया टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवा. तो वाळला किंवा नळाखाली धुतला तर अमोनिया पचवणारे जीवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मग झाडे काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पाणी उपसा, मांडणी बदला. बशी किंवा प्लॅस्टिकची पिशवी तळाशी ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडत टाकी भरा. पहिले पाणी गढूळ असेल तर ते पूर्ण काढून टाकून दुसऱ्यांदा भरा. ताजी माती घातली असेल तर मासे लगेच परत सोडू नका. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत त्यांना दुसरी टाकी किंवा मोठा टब लागेल. हा टब आधी तयार नसेल, तर काम पुढच्या रविवारवर ढकला.

मुख्य दगड किंवा लाकूड नेमके कुठे ठेवायचे?

मधोमध नाही. टाकीची लांबी ६१ सेंमी आहे, तिला सुवर्ण गुणोत्तराने (१ : १.६१८) भागले तर एका बाजूपासून सुमारे २३ सेंमी आणि दुसऱ्या बाजूपासून ३८ सेंमी येते. मुख्य दगडाचे टोक त्या रेषेच्या आसपास यावे. पट्टी लावून मिलिमीटर मोजायची गरज नाही. मध्यापासून स्पष्टपणे सरकलेले दिसले की पुरे.

उंची साधारण टाकीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे मातीत गाडलेला भाग धरून २५ सेंमी. दुकानात जो दगड मोठा वाटतो तो टाकीत, मातीत बसवल्यावर आणि झाडे वाढल्यावर हमखास छोटा दिसतो. मनात येतो त्यापेक्षा एक आकार मोठा घ्यावा.

मांडणी करताना टाकीत हात घालून झटापट करू नका. जाड पुठ्ठ्यावर ६१ × ३०.५ सेंमीचा आयत आखा, मागे पुठ्ठ्याचीच भिंत उभी करा आणि त्यात दगड फिरवून बघा. प्रत्येक रचनेचा फोटो समोरून, टाकीच्या उंचीवरून काढा आणि मोबाइलवर कृष्णधवल करा. रंग गेले की तोल चुकलेला लगेच कळतो.

दगड किती आणि कसे?

एकाच जातीचे, विषम संख्येत, वेगवेगळ्या आकाराचे. जपानमधील निइगाताचे टाकी-मांडणीकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी रुळवलेल्या इवागुमी (दगडांच्या मांडणीच्या) पद्धतीत सगळ्यात मोठा दगड ‘ओयाइशी’, त्याचा जोडीदार ‘फुकुइशी’ आणि त्यांना आधार देणारे ‘सोएइशी’ अशी उतरंड असते. नावे पाठ करायची गरज नाही. पण दोन दगड एकाच उंचीचे असले की नजर त्या दोघांमध्ये हेलकावे खाते, एवढे मात्र लक्षात ठेवा.

दगडांवरच्या रेषा एकाच दिशेला झुकलेल्या हव्यात, जणू सगळे एकाच प्रवाहाने झिजले. प्रत्येकाचा बुडखा किमान २-३ सेंमी मातीत गाडावा. नुसता वर ठेवलेला दगड ‘ठेवलेला’ दिसतो, जमिनीतून उगवलेला दिसत नाही. लहान तुकडे मोठ्या दगडाच्या पायथ्याशी टाकले की कडा मोडते. ही युक्ती फुकट आहे आणि तिचा परिणाम सगळ्यात जास्त.

दगड काचेवर थेट टेकवू नका. खाली प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ फोम घाला. दगड आणि समोरच्या काचेत किमान ५ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर चुंबकाचा स्क्रॅपर अडकेल आणि नेमक्या त्याच पट्ट्यात शेवाळ साठेल.

नदीतले, डोंगरावरचे दगड चालतात का?

सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही, त्यामुळे तो उत्तम. फक्त त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर सावध राहा. त्यातले काही झिओलाइट असतात, पण काही कॅल्साइट असतात आणि ते पाण्याचा कठीणपणा वाढवतात. तपासणी सोपी आहे: कोरड्या दगडावर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या टॉयलेट क्लीनरचे चार थेंब टाका. फसफसला तर नको. हातमोजे घाला, उघड्यावर करा, ब्लीचजवळ नेऊ नका आणि नंतर दगड भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगरने हीच चाचणी होते, पण त्याची फसफस फार मंद असते आणि ती नजरेतून सुटते.

कोकणातला जांभा दिसायला देखणा, सच्छिद्र, त्यावर मॉस आणि अनुबियास (दोन्ही दगड-लाकडावर वाढणारी पाणझाडे) छान धरतात. पण ताजा फोडलेला जांभा लाल गाळ सोडत राहतो. उन्हापावसात वर्षानुवर्षे पडलेला, कठीण झालेला तुकडा घ्या, ब्रशने घासा आणि आठवडाभर बादलीत ठेवून पाणी बदलत राहा.

समुद्रकिनाऱ्याची वाळू मात्र नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे निव्वळ चुनखडी.

लाकूड बुडत नाही, पाणी पिवळे करते आणि वर पांढरी जेली आली आहे. फेकून द्यायचे का?

तिन्ही गोष्टी सामान्य आहेत. तरंगणारे लाकूड एक-दोन आठवडे बादलीत दगडाखाली दाबून ठेवा, किंवा त्याच्या खाली शहाबादी फरशीचा छोटा तुकडा स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जोडा (फरशी चुनखडीची असते; तुकडा लहान ठेवा आणि पाणी आधीच कठीण असेल तर काचेची पट्टी वापरा). पिवळेपणा टॅनिनचा, दोन-तीनदा उकळून आणि पाणी बदलून तो कमी होतो. पांढरा थर बुरशी-जीवाणूंचा असतो आणि दोन ते चार आठवड्यांत आपोआप जातो. चेरी कोळंबी असेल तर ती तो आवडीने खाते.

आंब्याची, पेरूची हिरवी फांदी तोडून टाकीत घालू नये. आतला रस आणि साल सडून पाणी खराब होते.

लाकूड बसवताना फांद्यांची दिशा बाहेरच्या, वरच्या कोपऱ्याकडे असावी. आणि एकच टोक पाण्याबाहेर आले तर हरकत नाही, उलट टाकी मोठी वाटते.

उतार किती द्यायचा? माती महिन्याभरात पुढे घसरते.

समोर ३-४ सेंमी, मागे १०-१२ सेंमी. एवढे केल्याशिवाय खोली दिसत नाही, कारण टाकी पुढून मागे जेमतेम ३० सेंमी आहे.

घसरण्याचे कारण असे की मातीचे गोल दाणे एका ठरावीक कोनापलीकडे उभे राहत नाहीत. कोळंबी, गोगलगायी आणि सायफन त्यांना रोज थोडे-थोडे खाली ढकलतात. म्हणून मागचा उंचवटा नुसत्या मातीचा करायचा नाही. नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत (भाजीच्या, कांद्याच्या पिशव्याही चालतात) प्युमिस किंवा लाव्हा खडी भरा आणि मागे रचा. वर ४-५ सेंमी माती. पुढच्या बाजूला उताराला आडवे असे चपटे दगड रोवा, शेताच्या बांधासारखे. मागच्या झाडांची मुळे दोन महिन्यांत पसरली की तीच माती धरून ठेवतात.

हिशोब: ६० × ३० सेंमी तळ, सरासरी ७.५ सेंमी जाडी, म्हणजे साडेतेरा लिटर. त्यातले चार-साडेचार लिटर खडीच्या पिशव्यांनी भरले तर ९ लिटरची एकच अ‍ॅक्वा सॉइलची (पाणझाडांसाठी तयार मिळणाऱ्या दाणेदार मातीची) पिशवी पुरते.

अ‍ॅक्वा सॉइल महाग आहे. बागेतली माती किंवा साधी वाळू चालणार नाही का?

चालते, अटी पाळून. बागेतली लाल माती चाळून, खत न घातलेली, २.५ ते ३ सेंमी जाड पसरा. वर १-२ मिमी दाण्याची धुतलेली फिल्टर सँड २.५ सेंमी. वाळूचा थर याहून जाड झाला तर खाली प्राणवायू पोहोचत नाही आणि मुळे काळी पडून सडक्या अंड्याचा वास येतो. शेणखत, गांडूळखत अजिबात नको.

शेतातली काळी माती सुपीक म्हणून आणू नका. ती पाण्यात फुगते, आठवडे-आठवडे बसत नाही आणि तिच्यात बहुधा चुनखडीचे खडे असतात. बांधकामाची क्रश सँड धारदार असते आणि कितीही धुतली तरी भुकटी सोडते.

या पद्धतीचा खरा तोटा वेगळा आहे: एकदा लावलेले झाड उपटले की माती वर येते. ज्याला मांडणी सारखी बदलायची खोड आहे, त्याने अ‍ॅक्वा सॉइलच घ्यावी, किंवा नुसती वाळू आणि दर १०-१५ सेंमीवर एक रूट टॅब (मुळाशी पुरायची खताची गोळी).

अ‍ॅक्वा सॉइल धुवायची नाही. ती पाण्याचा पीएच थोडा खाली आणते आणि सुरुवातीचे दोन ते चार आठवडे अमोनिया सोडते. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज अर्धे पाणी, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा बदला.

किती जातींची झाडे घ्यावीत?

दोन फुटी टाकीला पाच ते सात. अगदी सहा हे सोयीचे: पुढचा गालिचा (जमिनीलगत पसरणारे झाड) एक, दगड-लाकडावर बसणारी दोन, मधल्या पट्ट्यात एक, मागे दोन. प्रत्येक जात घोळक्याने लावायची. रोटाला या झाडाच्या वीस काड्या एका जागी आणि वीस जातींची एकेक काडी यांचा खर्च जवळपास सारखाच येतो; दिसण्यात मात्र बाग आणि भाजीची जुडी इतका फरक.

सीओटू (झाडांसाठी पाण्यात वेगळा सोडायचा कार्बन डायऑक्साइड) नसेल तर ही निवड निर्धोक आहे. लाकडावर अनुबियास नाना आणि जावा फर्न, मध्ये क्रिप्टोकोरीन वेंडटी, मागे हायग्रोफिला पॉलिस्पर्मा किंवा लिम्नोफिला, पुढे मार्सिलिया किंवा बुटकी सॅजिटेरिया. बाकोपा मोनिएरी म्हणजे आपली ब्राह्मीच. ती पाण्याखालीही वाढते, सावकाश पण सरळ.

लाल झाड एकच गट, मुख्य दगडाच्या जवळ. दोन कोपऱ्यांत दोन लाल गट लावले की नजर पुन्हा दुभंगते.

दुकानातून आणलेले सुंदर जांभळे झाड तीन आठवड्यांत कुजले.

ते बहुधा पाणवनस्पती नव्हतेच. लकी बांबू, पीस लिली, डिफेनबॅकिया, कॅलेडियम आणि जांभळ्या खरबरीत पानांची हेमिग्राफिस ही कुंडीतली झाडे सर्रास ‘अ‍ॅक्वेरियम प्लांट’ म्हणून विकली जातात. पाण्याखाली ती जगत नाहीत, फक्त मरायला वेळ घेतात. ओळख अशी: पान जाड, मेणचट, ताठ आणि झाड पाण्याबाहेर धरले तर अजिबात न लवंडणारे. अपवाद आहेत (अनुबियासचे पानही ताठच असते), म्हणून जातीचे नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

लकी बांबू किंवा पीस लिली असेलच, तर मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशी हँग-ऑन फिल्टरमध्ये खोवा. ती नायट्रेट शोषतात आणि टाकीच्या वर हिरवळ येते.

लावणी नेमकी कशी करायची?

माती पूर्ण भिजेल आणि पाणी तिच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील एवढेच पाणी घाला. कोरड्या मातीत चिमटा काढताना रोप बरोबर वर येते आणि भरलेल्या टाकीत काड्या तरंगतात. लांब चिमटा घ्या. शेजारी फवारणीची बाटली ठेवा आणि दर पाच मिनिटांनी फवारा मारा. मे महिन्यात पंख्याखाली मॉन्टे कार्लो (गालिच्याचे बारीक पानांचे झाड) दहा मिनिटांत वाळते.

कुंडीतल्या रोपांची रॉकवूल (मुळांभोवतीचे कापसासारखे तंतू) पूर्ण काढा. तिचे तुकडे टाकीत वर्षभर तरंगतात.

काड्यांची झाडे: खालच्या दोन पेरांवरची पाने काढा, काडी तिरपी पकडून ४ सेंमी आत खुपसा आणि चिमटा सैल करून तिरपाच बाहेर काढा. दोन काड्यांत ३ सेंमी अंतर. जुडीच्या जुडी एका भोकात कोंबली तर आतल्या काड्या प्रकाशाविना खालून सडतात. कडेच्या ओळीतल्या काड्या थोड्या आखूड कापा, म्हणजे झुडूप पहिल्या दिवसापासून घुमटाकार दिसते.

गालिचा: कपातल्या रोपांचे १-२ सेंमीचे बुचके करा, ३ सेंमी अंतरावर लावा. पुढचा पट्टा ६० × १२ सेंमी असेल तर ८० बुचके लागतात. एका कपातून साधारण तीस-चाळीस निघतात, म्हणजे दोन ते तीन कप. पाने थोडी मातीत गेली तरी चालते, मुळे वर राहिलेली चालत नाहीत.

अनुबियास, जावा फर्न, बुसेफेलेंड्रा: त्यांचे आडवे खोड मातीत गाडले की सडते. ते जेल सुपरग्लूने दगडावर चिकटवा. दगड कोरडा नसला तरी चालते, टिपून घेतला की पुरे. सुपरग्लू कापसावर टाकून भेगा बुजवायची युक्ती चांगली आहे, पण कापसाला लागताच तो तापतो, धूर येतो. बोटांनी धरू नका.

मॉस पातळ पसरा, इतकी की खालचे लाकूड दिसले पाहिजे. जाड थर खालून मरतो आणि एक दिवस सगळा गठ्ठा सुटून वर येतो.

क्रिप्टची सगळी पाने वितळली. मेले का?

नाही. क्रिप्टोकोरीन पाणी, प्रकाश किंवा जागा बदलली की पाने टाकते. उपटू नका. सडलेली पाने कापा. मुळे शाबूत असतील तर दोन-तीन आठवड्यांत नवी पाने येतात. पाण्याबाहेर वाढवलेल्या जवळपास सगळ्याच रोपांची जुनी पाने जातात. नवीन फुटवा कसा आहे यावर निर्णय घ्या.

प्रकाश आणि सीओटू किती?

सोप्या झाडांना दर लिटरला १५-२० ल्युमेन, गालिचा आणि लाल झाडांना ३०-४०. म्हणजे आपल्या टाकीला ८०० ते २,००० ल्युमेनच्या दरम्यान. सुरुवातीचा महिनाभर दिवसाला ६ तास, नंतर ८. टायमर लावा. हाताने दिवा लावणाऱ्या घरात तो पाहुणे येईपर्यंत चालू राहतो.

प्रकाश हा गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर. तो दाबला की झाडाला सीओटू आणि खतही त्याच वेगाने लागते. ते मिळाले नाही की उरलेला प्रकाश शेवाळ वापरते. म्हणून सीओटू नसेल तर भारी दिवा घेऊ नका.

सीओटू सिलिंडरवर असेल तर सेकंदाला एक बुडबुडा इथून सुरुवात. दिवा लागण्याच्या दीड-दोन तास आधी चालू, दिवा जाण्याच्या तासभर आधी बंद. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी छोटी कुपी) निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. पण तो तास-दोन तास मागे असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर रंगाची वाट न बघता सीओटू बंद करून एअर पंप लावा.

स्वस्तातला मार्ग लिंबूफूल आणि खायचा सोडा: एका बाटलीत २०० ग्रॅम लिंबूफूल आणि ६०० मिली पाणी, दुसरीत २०० ग्रॅम सोडा आणि २०० मिली पाणी, वर निडल व्हॉल्व्ह आणि दाबमापक असलेली तयार टोपी. बाटल्या शीतपेयाच्याच हव्यात, कारण त्या दाब सहन करतात. पाण्याच्या पातळ बाटल्या फुटतात.

गालिचा मातीवरून उचलला जातो, खालून पिवळा पडतो.

कात्री लावायला उशीर झाला. थर ३ सेंमीच्या वर गेला की खालच्या पानांना प्रकाश मिळत नाही, मुळे सुटतात आणि आख्खी चटई तरंगते. दर तीन-चार आठवड्यांनी १.५ सेंमीपर्यंत कापा, बिनधास्त. कापताना फिल्टर बंद ठेवा, तुकडे जाळीने गोळा करा, मग पाणी बदला.

काड्यांची झाडे खालून उघडी पडतात.

पहिली छाटणी घाई वाटेल इतक्या लवकर करा. काडी टाकीच्या निम्म्या उंचीला आली की जमिनीपासून ७-८ सेंमीवर कापा. प्रत्येक कापातून दोन फुटवे येतात. दुसरी छाटणी पहिल्या कापाच्या २ सेंमी वर, तिसरी आणखी थोडी वर. चार-पाच छाटण्यांनंतर बुंधे म्हातारे होतात; तेव्हा सगळे उपटून वरची ताजी टोके पुन्हा लावा. मांडणीचा फोटो काढायचा असेल तर शेवटच्या छाटणीनंतर तीन-चार आठवडे थांबा.

छोटी टाकी खोल दिसावी यासाठी आणखी काय?

मोठ्या पानांची झाडे पुढे-मध्ये, बारीक पानांची मागे. वाळूची पायवाट समोर १० सेंमी रुंद आणि मागे जाताना २ सेंमीपर्यंत निमुळती, किंचित वळण घेऊन दगडाआड दिसेनाशी होणारी. पायवाटेच्या दोन्ही कडांना खडे रोवा, नाहीतर माती आणि वाळू महिन्याभरात मिसळतात. मागे प्रवाळाचे चित्र असलेला कागद असेल तर आजच काढा. फ्रॉस्टेड फिल्म किंवा साधा काळा कागद लावा. खजिन्याची पेटी आणि तोंड उघडणारा शिंपला मुलांना आवडत असेल तर वादात पडू नये, कोपऱ्यात राहू द्यावा.

सगळीकडे तपकिरी थर आला आहे.

नव्या टाकीत दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तो येतोच. हे डायटम; काच पुसा, पाणी बदला, दिवा ६ तासांवर ठेवा. आपणहून जातो. काळ्या दाढीसारखे शेवाळ मात्र पाहुणे नसते. सीओटू कमी-जास्त होणे आणि जुनी पाने न काढणे ही त्याची नेहमीची कारणे. ते बसलेली अनुबियासची पाने कापूनच टाका. निळसर-हिरवी, उग्र वासाची चादर दिसली तर प्रवाह कुठे पोहोचत नाही ते शोधा. फिल्टरचे तोंड थोडे फिरवल्याने ती अनेकदा जाते.

उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर जाते.

बहुतेक झाडांना २२ ते २६ मानवते, २८ पर्यंत निभावते. पाण्यावर तिरपा वारा सोडणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने २ ते ४ अंश उतरवतो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, मुंबई-रत्नागिरीच्या दमटपणात कमी. घरातल्या कूलरचाही हाच न्याय. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी भरा, बोअरचे भरले तर क्षार साठत जातात. दिव्याची वेळ रात्रीकडे सरकवा आणि मॉस, बुसेफेलेंड्रा यांची नवी लावणी पावसाळ्यानंतर करा.

बोअरवेलचे पाणी आहे. झाडे होतील?

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३०० पर्यंत असेल तर बिनदिक्कत. ६००-७०० असेल तर निम्मे आरओ मिसळा. नुसते आरओही नको. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसते आणि नवी पाने वेडीवाकडी येतात. मुंबई महापालिकेचे तलावांचे पाणी मऊ असते, ते थेट चालते, फक्त क्लोरीन काढून. बादलीत २४ तास ठेवले की क्लोरीन उडतो, पण घाईत असाल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब हवेत.

कोणते मासे मांडणीला शोभतात?

लहान, एकाच जातीचे, थव्याने: नऊ-दहा एम्बर टेट्रा किंवा रासबोरा. बारीक माशांमुळे दगड डोंगराएवढे वाटतात, दोन मोठे एंजल सोडले की तेच दगड खडे होतात. गोल्डफिश झाडे खातो, ऑस्कर ती उपटतो. सह्याद्रीवरून ज्याच्या गटाला (जीनसला) ‘सह्याद्रिया’ नाव मिळाले तो केरळचा डेनिसन बार्ब देखणा खरा, पण १२-१५ सेंमी वाढतो आणि थव्याने राहतो. चार फुटी टाकीशिवाय त्याचा विचार नको.

ओढ्यातून किंवा कासच्या पठारावरून झाडे आणली तर?

नको. अ‍ॅपोनोजेटन सातारेन्सिस सह्याद्रीच्या थोड्याच सड्यांवर (खडकाळ पठारांवर) उगवतो, क्रिप्टोकोरीन कोग्नाटा दक्षिण कोकणातल्या मोजक्या ओढ्यांत. दोन्ही दुर्मिळ आणि दोन्ही फक्त आपल्याकडच्या. शिवाय ओढ्यातल्या झाडाबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी कोळंबी एकही ठेवत नाही.

उलट दिशेनेही तेच. छाटलेले तुकडे, जास्तीची जलपर्णी किंवा मोठा झालेला सकर मासा नदी-तलावात सोडू नका. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज सकर मासे येतात ते अशाच टाक्यांतून गेलेले. कापलेली झाडे उन्हात वाळवून कुंडीत टाका, खत चांगले होते.

गणपतीला दहा दिवस गावी जातो. टाकीचे काय करायचे?

निघण्याच्या पाच दिवस आधी जोरदार छाटणी आणि दोन दिवस आधी अर्धे पाणी बदलणे. निघायच्या दिवशी फिल्टर उघडू नका. घाईत बसवलेला पाइप गळतो. दिवा टायमरवर ५-६ तास, द्रव खत बंद, सीओटू आहे तसाच टायमरवर. तो बंद केला तर परत येईपर्यंत काळी दाढी आलेली असते. सिलिंडर संपत आला असेल तर मात्र आधीच बदला: शेवटच्या टप्प्यात काही रेग्युलेटर एकदम सगळा वायू सोडतात.

मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहतात, झाडांवरचे खुरपत. त्यामुळे शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नका. चौथ्या आणि आठव्या दिवसाच्या दोन पुड्या बांधून द्या, बाकीचा डबा कपाटात बंद. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप लावून ठेवा, आणि निघण्याआधी एकदा मेन स्विच बंद करून तो खरंच सुरू होतो का ते बघा.